वाचकांचे प्रश्न : पन्नास खुर्च्यांचं नाट्यगृह

या महिन्यात छोट्या नाट्यजागा आणि कलादालनांबद्दल बरीच पत्रं आली. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत. काहींनी जागेची मापं दिली नव्हती, त्यांना उत्तर देणं शक्य झालं नाही. पुन्हा लिहाल तेव्हा लांबी, रुंदी आणि छताची उंची जरूर कळवा.

आमच्या शहरात हजारेक खुर्च्यांचं नाट्यगृह आहे आणि ते आठवड्यातले निम्मे दिवस रिकामं असतं. मग ‘छोटं नाट्यगृह हवं’ ही मागणी कशासाठी? आहे ते तर भरत नाही! — निवृत्त शिक्षक, नाशिक

मोठं नाट्यगृह व्यावसायिक नाटकांवर चालतं. शनिवार-रविवारच्या तारखा त्यांना जातात, आणि त्यात गैर काही नाही. अडचण होते ती नव्या, अजून न बसलेल्या नाटकाची. असं नाटक पहिल्या दहा-पंधरा प्रयोगांत घडतं. कुठला प्रवेश लांबतो, कुठे हशा येतो, कुठे लोक चुळबुळतात, हे तालमीत कळत नाही. हे प्रयोग ऐंशी माणसांपुढे व्हायचे असतात. तेवढीच माणसं हजार खुर्च्यांत विखुरली की नट आवाज चढवतात, दिग्दर्शक हालचाली मोठ्या करतो आणि नाटक होतं त्यापेक्षा भलतंच होऊन बसतं. भाडं मात्र हजार खुर्च्यांचं.

मुंबईचा इतिहास पाहा. ‘आविष्कार’ ही संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात तिचे प्रयोग होऊ लागले. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. मराठी प्रायोगिक रंगभूमीची एक अख्खी पिढी त्या सभागृहात वाढली. पुढे संस्था माहीमला गेली, तीही पालिकेच्या शाळेतच. जुहूचं पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ ला सुरू झालं. साधारण २०० खुर्च्या, आणि तीन बाजूंनी प्रेक्षक. तिथलं पहिलं नाटक गो. पु. देशपांडे यांच्या मराठी नाटकाचं हिंदी रूप होतं. (५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिनसुद्धा. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिला प्रयोग केला तो याच दिवशी.) मुंबईच्याच एनसीपीए या कलाकेंद्राकडे हजारावर खुर्च्यांचं टाटा थिएटर असताना १९८६ मध्ये तिथे एक्स्पेरिमेंटल थिएटर उघडलं, ते खुर्च्या हव्या तशा हलवता येणारं आणि फार तर तीनशे प्रेक्षकांचं. पुण्यात शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच हेच काम करतं.

आमचं मत विचाराल तर नवी वास्तू मागू नका. महापालिकेच्या एखाद्या शाळेचं सभागृह संध्याकाळी सहानंतर, ठरलेल्या माफक दरात, वर्षभर मागा. कोनशिलेचा कार्यक्रम सगळ्यांनाच आवडतो. परवडणाऱ्या तारखांचं वेळापत्रक वर्षानुवर्षं चालवायला मात्र कोणी पुढे येत नाही, आणि शहराला गरज त्या वेळापत्रकाची आहे.

आमच्या संस्थेला वाड्यातली एक जुनी वखार मिळते आहे. ४० फूट लांब, २५ फूट रुंद, तुळयांपर्यंत उंची १४ फूट. खाली शहाबादी फरशी. शंभर प्रेक्षकांचं ब्लॅक बॉक्स (सगळीकडून काळं, साधं छोटं नाट्यगृह) करता येईल का? काय काय लागेल? — हौशी नाट्यसंस्थेचे कार्यवाह, सांगली

जागा चांगली आहे. १४ फूट उंची सहसा मिळत नाही. शंभराचा हट्ट मात्र सोडा, पन्नास धरून चाला.

हिशेब असा. अरुंद बाजूला, म्हणजे २५ फुटांच्या भिंतीकडे, रंगमंच धरला तर मागे नटांना इकडून तिकडे जायला काळ्या पडद्यामागे ३ फूट, मग १६ फूट अभिनयाची जागा, मग पहिल्या रांगेपर्यंत ४ फूट मोकळे. हे झाले २३ फूट. एका रांगेला ३ फूट खोली लागते, म्हणून पाच रांगांना १५ फूट. उरलेले २ फूट शेवटच्या रांगेमागे. रुंदीत दोन्ही बाजूंना साडेतीन फुटांच्या वाटा सोडल्या की १८ फूट राहतात. खुर्चीला २२ इंच धरा, म्हणजे रांगेत ९ खुर्च्या. पाच रांगांत ४५. त्यातल्या शेवटच्या रांगेच्या मधल्या तीन खुर्च्या प्रकाश आणि ध्वनीच्या टेबलाला द्याव्या लागतील. राहिल्या ४२. पहिल्या रांगेपुढच्या ४ फुटांत दहा जणांची भारतीय बैठक टाकली तर ५२, पण बैठक वाटांच्या तोंडाशी येता कामा नये. कोणी तुम्हाला याच जागेत ऐंशी खुर्च्यांचा आराखडा दाखवला, तर त्याने वाटा खाल्ल्या आहेत असं समजा.

रंगमंच उंच करू नका. जमिनीवरच खेळा आणि प्रेक्षकांना चढवा. पहिली रांग जमिनीवर, पुढच्या ८, १६, २४ आणि ३२ इंचांवर. बाजारात आणि नेपथ्यवाल्यांकडे ८ बाय ४ च्या लेव्हल (रांगा चढवायचे सुटे चौथरे) तयार मिळतात, पण तुमच्या रांगेची खोली ३ फूट आहे, त्यामुळे ६ बाय ३ च्या करून घ्या. एका रांगेला तीन, चढत्या चार रांगांना बारा. चौकट ४० मिमी चौकोनी लोखंडी नळीची, वर १९ मिमीचा प्लाय, प्रत्येक लेव्हलला सहा पाय. शेजारच्या लेव्हल एकमेकींना नटबोल्टने बांधा आणि सांध्यात जाजमाची पट्टी घाला. ती नसली की प्रेक्षकाने पाय हलवला तरी कुरकुर होते आणि शांत प्रवेशात तेच ऐकू येतं. मागच्या दोन रांगांच्या कडेला कठडा हवा आणि पायऱ्यांच्या कडांवर पांढरी पट्टी.

आता डोक्यावरची जाळी. दिवे टांगायला दीड इंची म्हणून मिळणारा ‘बी’ क्लासचा पाइप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ४८ मिमी असतो आणि दिव्यांच्या हुक क्लॅम्पना तो बरोबर बसतो. पाइप १२ फुटांवर, एकमेकांपासून ४ फूट अंतराने, आडवे. दर ६ ते ८ फुटांवर आधार. तो आधार वाड्याच्या तुळयांना द्यायचा की नाही हे सुताराला विचारू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तुळई वरून धडधाकट दिसते, पण भिंतीत गेलेलं तिचं टोक वाळवीने पोखरलेलं असू शकतं. शंका आली तर भिंतीलगत लोखंडी खांब उभे करून जाळी त्यांवर घ्या. खर्च वाढेल, झोप शांत लागेल. प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी पोलादी साखळी हवीच.

दिवा कुठल्या पाइपवर टांगायचा? उभ्या नटाचा चेहरा साडेपाच फुटांवर आणि दिवा १२ फुटांवर, म्हणजे उंचीतला फरक साडेसहा फूट. चेहऱ्यावर ४५ अंशांचा प्रकाश हवा तर दिवा नटाच्या साडेसहा फूट पुढे यायला हवा. त्याहून जवळ आणला की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. फार लांब नेला की चेहरा सपाट दिसतो आणि नटाची सावली मागच्या पडद्यावर चढते. छोट्या जागांत नव्वद टक्के ‘लाइट चांगला नव्हता’ या तक्रारी इथून येतात, दिव्यांच्या संख्येतून नाही. बारा एलईडी पार (पसरट प्रकाशाचे दिवे) आणि सहा स्पॉट (एका जागी झोत टाकणारे) यांत सुरुवात उत्तम होते.

विजेची बेरीज : पार प्रत्येकी दोनशे वॅट धरले तर २.४ किलोवॅट, हजार वॅटचे सहा स्पॉट ६ किलोवॅट, दोन मोठे एसी मिळून ७ किलोवॅटच्या आसपास. म्हणजे १५-१६ किलोवॅट. घरगुती सिंगल फेजवर हे चालणार नाही, थ्री फेज जोडणी घ्या. दिवे, ध्वनी आणि एसी वेगवेगळ्या फेजवर टाका. डिमर आणि अॅम्प्लिफायर एकाच लाइनवर आले की दिवे मंद करताना स्पीकरमधून गुणगुण येते. अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा.

आवाजासाठी खोलीच्या मध्यावर उभं राहून एकदाच जोरात टाळी वाजवा. मागून ‘टर्र’ असं ऐकू आलं तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. दोन्ही लांब भिंतींवर, भिंतीपासून ४ ते ६ इंच सुटे असे जाड काळे सुती पडदे लावा. रुंदीच्या दीडपट कापड घेऊन चुण्या येऊ द्या. पुरलं नाही तर ५० मिमी ग्लासवूलचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे, कापडात बांधलेले पट्टे लावा. अंड्यांचे पुठ्ठे आणि उघडा फोम कृपा करून लावू नका. त्याने बाहेरचा आवाज अडत नाही आणि आग मात्र झपाट्याने पकडते.

बाहेरचा आवाज येतो तो फटींतून. भिंत दोन फूट जाडीची असली तरी दाराखाली एक सेंटिमीटरची फट असेल तर रस्त्यावरचा हॉर्न आत येणारच. दोन दारं आणि मध्ये चार फुटांची अंधारी मोकळी जागा केलीत तर आवाज आणि उजेड दोन्ही अडतात. एसी प्रयोगाच्या तासभर आधी लावून खोली थंड करा आणि प्रयोगात पंख्याची गती सगळ्यात कमी ठेवा.

राहिली फरशी. शहाबादीवर थेट काळा रंग लावलात तर महिन्याभरात पोपडे निघतील. अभिनयाच्या जागेत लाकडी पट्ट्या, त्यावर १२ मिमी प्लाय, वर हार्डबोर्ड आणि त्यावर बिनचमकेचा काळा रंग. भिंतींनाही तसाच. चमकणाऱ्या काळ्या ऑइलपेंटने मारलेली भिंत प्रत्येक दिव्याचं प्रतिबिंब दाखवते. हार्डबोर्ड हा झिजण्यासाठीचाच थर आहे. वर्षाला रंगवायचा आणि फाटला की बदलायचा.

पन्नास माणसांच्या जागेतल्या तिकीट लावलेल्या प्रयोगाला सेन्सॉर, पोलीस, जीएसटी वगैरे लागतं का? आमच्यात दोन तट पडले आहेत. — महाविद्यालयीन गट, छत्रपती संभाजीनगर

जागा लहान म्हणून सुटका होत नाही. तिकीट लावून लोकांना आत घेतलं की तो सार्वजनिक प्रयोग. संहितेला महाराष्ट्र शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्या. अर्ज तारीख ठरायच्या आधी करा, पोस्टर छापल्यावर नाही. मंजूर संहितेची प्रत प्रयोगाला जवळ ठेवा. जागेचा परवाना आणि प्रयोगाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला जागाचालकाचा विषय, दुसऱ्याची चौकशी स्थानिक पोलीस ठाण्यात तुम्ही करायची. भाडं भरण्यापूर्वी जागेचा परवाना आणि अग्निशमनाची कागदपत्रं पाहायला मागा. मागण्यात संकोच कसला?

लेखकाची लेखी परवानगी आणि दर प्रयोगाचं मानधन आधी ठरवा. प्रेक्षकांकडून पैसे न घेता हौशी मंडळाने केलेल्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण तिकीट लावलं की ती सवलत संपली. नाटकात ध्वनिमुद्रित गाणं वाजवणार असाल तर आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची संस्था) आणि पीपीएल (ध्वनिमुद्रण कंपन्यांची संस्था) यांचे परवाने वेगवेगळे बघावे लागतात. दोनच कडवी वाजवली म्हणून कोणी सोडत नाही. नवं संगीत करून घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

जीएसटीचं सोपं आहे. नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर कर नाही.

रात्री दहाचा नियमही विचारला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत दहा ते सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापरायला मुभा आहे. मात्र रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सभागृहाच्या भिंतीत फटी असतील तर मुभेचा आधार घेऊन शेजाऱ्यांशी वाद जिंकता येणार नाही. प्रयोग पावणेदहाला संपेल असा लावा.

आम्ही असंच एक छोटं सभागृह दीड वर्ष चालवतो आहोत. प्रयोग होतात, लोक येतात, तरी दर महिन्याला खड्डा पडतो. भाडं वाढवावं का? — सांस्कृतिक न्यासाचे विश्वस्त, पुणे जिल्हा

वाढवू नका. भाडं वाढलं की आधी नवे गट गळतात आणि तुमच्याकडे वाढदिवसांचे कार्यक्रम येऊ लागतात. आकडे मांडून पाहू. हे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला.

दोन माणसांचे पगार ३२,०००, वीज ११,०००, दुरुस्ती ६,०००, सफाई आणि पाणी ५,०००, विमा आणि परवाने ६,०००. महिन्याचा पक्का खर्च ६०,०००. पन्नास खुर्च्या साठ टक्के भरल्या, तिकीट २०० रुपये, म्हणजे प्रयोगाचा गल्ला ६,०००. त्यातले ४० टक्के सभागृहाला, म्हणजे २,४००. महिन्याला बारा प्रयोग धरले तर २८,८००. निम्माही खर्च निघत नाही, आणि निघणारही नाही. पन्नास खुर्च्यांचं तिकीट तेवढ्यासाठी पुरतच नाही. हे आधी मान्य केलं की पुढचा विचार सुचतो.

सोमवार ते शुक्रवार दिवसा ती खोली रिकामी असते. तालमींना तीन तासांचे ५०० रुपये घ्या. रोज दोन सत्रं, महिन्याचे वीस दिवस : २०,०००. दोन दिवसांचं शिबिर, पंधरा जण, प्रत्येकी १,५००. जमलेल्या २२,५०० मधले ४० टक्के, म्हणजे ९,००० सभागृहाला. आता तूट २,२०० उरली. तेवढ्यासाठी सभासद वर्गणी किंवा एखादा देणगीदार मिळतो. साठ हजारांसाठी मिळाला नसता.

गटांशी करार कसा करावा, हाही वादाचा मुद्दा असतो. ठोक भाड्यात सगळी जोखीम गटाची. नुसत्या टक्केवारीत सभागृहाची. आम्हाला मधला मार्ग बरा वाटतो : गल्ल्याचे ४० टक्के, पण किमान १,२००. गट जाहिरात करण्याची मेहनतही घेतो आणि एखाद्या पडेल प्रयोगाने बुडतही नाही. तिकिटांचा हिशेब प्रयोग संपल्यावर त्याच रात्री, दोघांच्या सह्यांनी करा. दुसऱ्या दिवसावर टाकलेला हिशेब मैत्री संपवतो.

आणखी एक. तीन महिन्यांचं वेळापत्रक एकदम जाहीर करा. ‘प्रत्येक गुरुवारी काहीतरी असतं’ एवढं लोकांच्या डोक्यात बसलं की जाहिरातीचा खर्च उतरतो. पुढच्या आठवड्यात काय आहे हे तुम्हालाच माहीत नसेल तर प्रेक्षकाने कसं लक्षात ठेवावं?

मी जलरंगात काम करते. जहांगीरला अर्ज केला आहे, पण नंबर लागायला वर्षं लागतील म्हणतात. तोवर इथल्याच एका हॉलमध्ये तीस चित्रं लावायची आहेत, ऑगस्टमध्ये. चित्रं अर्ध्या इंपीरियलची आहेत. — चित्रकार, रत्नागिरी

खरं म्हणतात. काळा घोड्याचं जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे. तिथे चित्रकार भाडं भरून आठवड्याभराची जागा घेतो आणि रांग लांब असते. खासगी दालनांचं वेगळं : ती चित्रकार स्वतः निवडतात आणि विक्रीतला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम ठेवतात. जहांगीरमध्ये १९६४ पासून समोवार नावाचं उपाहारगृह होतं, ते २०१५ मध्ये बंद झालं. चित्रं बघून झाल्यावर तिथे तासभर बसून त्यांवर वाद घालणारे लोक मग कुठे गेले, असा प्रश्न अजून विचारला जातो. तुमच्या हॉलमध्ये कोपऱ्यात चहा आणि चार बाकं ठेवा. ही चैन नाही.

ऑगस्ट मात्र बदला. रत्नागिरीत त्या दिवसांत हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांपर्यंत राहतो, आणि ६५-७० च्या वर कागदावर बुरशी धरते. जानेवारी घ्या. बदलणं अशक्यच असेल तर बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर एकही चित्र नको. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत ५ मिमीचे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळेल. काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये आम्लरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच. एसी असेल तर दिवसरात्र चालू ठेवा. अकरा ते सात लावून रात्री बंद केला तर कागद रोज आकसतो-फुगतो आणि आठवड्यात लाटा येतात. चित्र माउंटला सेलोटेपने चिकटवलं असेल तर आजच काढून घ्या. गव्हाच्या खळीने, पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या करून वरच्या कडेला टांगा.

आता तीस चित्रांचं. अर्धा इंपीरियल म्हणजे २२ बाय १५ इंच. ३ इंचांचं माउंट धरून आडवी चौकट २८ बाय २१. दोन चौकटींमध्ये किमान ८ इंच. म्हणजे एका चित्राला ३ फूट, तिसांना ९० फूट भिंत. २५ बाय २० च्या हॉलचा घेर ९० फुटांचा असतो, पण दारं-खिडक्या वजा केल्यावर ७५ च्या आसपास हाती येतो. पंचवीस चित्रं लावा. पाच कमी केल्याने प्रदर्शन सुधारेल हे आम्ही पैजेवर सांगतो.

सगळ्या चित्रांचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवा. खिळ्याची उंची काढायची रीत : ५८ अधिक चौकटीची निम्मी उंची, वजा चौकटीच्या वरच्या कडेपासून ताणलेल्या तारेपर्यंतचं अंतर. तुमच्या चौकटीला ५८ अधिक साडेदहा, वजा ३, म्हणजे साडेपासष्ट इंच. वरच्या कडा जुळवत बसू नका, वेगवेगळ्या मापांची चित्रं असली की त्या जुळतच नाहीत. जलरंगांवर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको. एलईडी ३००० केल्विनचे, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचे, आणि उभ्या रेषेपासून ३० अंशांवर झुकवलेले. ४५ अंशांवर गेलात की काचेत पाहणाऱ्याचाच चेहरा दिसतो.

केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागल्यापासून आमच्या गल्लीतल्या सभागृहाची धास्ती वाटते. सामान्य वापरणाऱ्यांनी काय तपासावं? — तीन वाचक, कोल्हापूर

शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेल्या त्या नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आग लागली. तुमची धास्ती समजते. कुठल्याही नाट्यगृहात जळायला कापड, लाकूड आणि जुनी वायरिंग एकाच छताखाली असते.

बाहेर पडायची दारं दोन हवीत, वेगवेगळ्या दिशांना, बाहेर उघडणारी. प्रयोगाच्या वेळी त्यांतल्या एकालाही कुलूप असेल तर प्रयोग सुरू करू नका. ‘फुकटे घुसतात म्हणून कुलूप’ हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल. मग दाराशी माणूस उभा करा म्हणावं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जागाचालकाने दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून ‘ब’ नमुना, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. तो पाहायला मागा. विजेच्या पॅनलजवळ कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक हवं, पाण्याची बादली नाही.

पडद्यांची चाचणी घरी करता येते. दुमडीच्या आतून इंचभर रुंदीची पट्टी कापा, उघड्यावर चिमट्यात धरून खालून बारा सेकंद ज्योत लावा. ज्योत काढल्यावर दोनेक सेकंदांत विझली तर ठीक. जळत राहिली किंवा पेटते थेंब गळले तर पडदा धोक्याचा. सुती पडदा असेल तर १०० लिटर पाण्यात ६ किलो टाकणखार आणि ५ किलो बोरिक अॅसिड विरघळवून त्यात बुडवा आणि न पिळता वाळवा. धुतला की हा लेप जातो, पुन्हा करावा लागतो. पॉलिएस्टर हे द्रावण पितच नाही, तो पडदा बदला.

पणजीत डिसेंबरमध्ये एवढा मोठा कला महोत्सव होतो, जुन्या इमारती उघडतात, देशभरातून लोक येतात. मग बारमाही जागांवर खर्च कशाला? — वाचक, म्हापसा

२०१६ पासून भरणारा तुमचा सेरेंडिपिटी असो की मुंबईतला १९९९ पासूनचा काळा घोडा, महोत्सव तयार झालेली कामं दाखवतो. ती तयार कुठे व्हायची? फेब्रुवारीत सुचलेलं काम मार्चमध्ये चार जणांना दाखवायला गोव्यात कुठे जागा आहे, हा प्रश्न महोत्सवाने सुटत नाही. जुन्या इमारती त्या दिवसांसाठी साफ होतात, दिवे लागतात. त्यातल्या एका इमारतीतली एकच खोली उरलेले अकरा महिने चालू ठेवा अशी मागणी करा. वायरिंग झालेलीच असते.

छोट्या जागेत पाच मिनिटं उशीर झाला तर आत सोडत नाहीत. तिकिटाचे पैसेही परत नाहीत. ही दादागिरी नव्हे का? — वाचक, डोंबिवली

नव्हे. मोठ्या नाट्यगृहात तुम्ही मागच्या दाराने अंधारात शिरता. इथे आत यायची वाट बहुधा अभिनयाच्या जागेला लागूनच जाते. दार उघडलं की बाहेरचा उजेड थेट नटाच्या तोंडावर पडतो आणि बावन्न माणसं मान वळवतात. काही दिग्दर्शक पहिल्या अंधाराच्या वेळी उशिरा आलेल्यांना एकत्र आत घेतात. तशी सोय आहे का, हे फोनवर आधी विचारून ठेवा. नसेल तर डोंबिवलीहून निघताना एक गाडी आधीची पकडा, आणि मोबाइल व्हायब्रेटवर नको, पूर्ण बंद करा. लाकडी लेव्हलवर ठेवलेल्या पिशवीतली ती थरथर पाचही रांगांना ऐकू जाते.